कराची, सहा तास

मी सागवानाची एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. हैदराबादेत आबिड्सला एका विमान कंपनीचं लहानसं तिकीट ऑफिस होतं. तिथं काउंटरच्या मागे मी टांगलेली असे. उमाजी रंगाऱ्याने मला काळा रंग दिला आणि पांढऱ्या उर्दू अक्षरांत शहरांची नावं लिहिली. नावापुढे मैल, मैलांपुढे तास. सगळ्यांत खाली कराची: नऊशे मैल, सहा तास. लोक आत येत, मान वर करून मला वाचत आणि थक्क होत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९४८ च्या माघात जवळच्याच गौलीगुड्याहून भामाबाई आल्या. त्यांची मुलगी सरोज कराचीत दिलेली. जावई प्रभाकर तिथं शाळामास्तर. फाळणी झाली होती, कराचीतली मराठी घरं एकेक करून रिकामी होत होती आणि सरोजला तिसरा महिना लागला होता. भामाबाईंना उर्दू वाचता येत नसे, म्हणून काउंटरवरच्या हणमंतरावांनी माझी शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली.

"तिला आत्ताच आणावी म्हणते," भामाबाई म्हणाल्या.

"कायकू परेशान होता, बाई? सहा तासांचा तर रस्ता. सकाळी बसली की दुपारी तुमच्यापाशी. सातव्या महिन्यात आणा, रीतीप्रमाणे."

"तेव्हा जागा मिळेल ना?"

"हौ! मी आहे ना इथं."

भामाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या निर्धास्त होऊन घरी गेल्या.

सातवा महिना लागेपर्यंत निजामाचं राज्य आणि दिल्लीचं सरकार यांच्यातला तंटा विकोपाला गेला. विमानं बंद झाली. हणमंतरावांनी तारा केल्या, साहेबांच्या विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. भामाबाई रोज येऊन समोरच्या बाकावर बसत. मी मात्र अजून 'सहा तास'च म्हणत होते. मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

शेवटी सरोज आणि प्रभाकर बोटीने मुंबईला निघाले. श्रावणात निर्वासितांच्या छावणीत सरोजला मुलगी झाली. हैदराबादेहून निघायची वाट सुरक्षित नव्हती, त्यामुळे आईला लेकीजवळ जाता आलं नाही. नऊ दिवसांनी ते बाळ गेलं.

पुढे फौजा आल्या, राज्य भारतात सामील झालं, गाड्या सुरू झाल्या. दसऱ्याच्या सुमाराला सरोज माहेरी पोचली. भामाबाई ते सांगायला ऑफिसात आल्या. हणमंतराव उठून उभे राहिले.

"बाई, माझ्यामुळे झालं हे."

"तुम्ही खोटं कुठं सांगितलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "पाटीवर होतं तेच वाचलंत."

त्या गेल्यावर हणमंतरावांनी स्टूल ओढलं आणि चाकूने माझी शेवटची ओळ खरवडून काढली. पुढे ऑफिसही उठलं आणि मी बेगम बाजारातल्या एका दुकानात मिरच्यांच्या पोत्यांखाली गेले.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. आकाशातलं अंतर मला ठाऊक होतं. वाट किती दिवस उघडी राहील ते ठाऊक नव्हतं. एखादी आई 'आत्ताच आणते' म्हणाली, तर तिला तास मोजून दाखवू नका. त्याच दिवशीची जागा मिळते का, ते बघा.