भाऊंचा सुरक्षा अहवाल आणि रुखमाबाईंची गाडी

नंदनवनच्या चौकात रुखमाबाईंची तर्री-पोह्यांची गाडी बारा वर्षांपासून लागायची. एका सकाळी पोहे खाऊन निघालेल्या प्रमोदिनी मॅडमच्या गळ्यातली साखळी मोटारसायकलवरच्या एका चोरट्याने हिसकावली. तो पोह्यांच्या गाडीला घसटून पळणार, तोच रुखमाबाईंनी गरम, तिखट तर्रीची भरली पळी त्याच्या तोंडावर फेकली. गडी डोळे चोळत दुभाजकावर आदळला. लोकांनी त्याला धरलं, साखळी परत मिळाली आणि रुखमाबाई पुन्हा पोहे वाढायला लागल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

महिनाभराने आमदार ऋषिकेशभाऊंचा सहायक अश्विन एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला. 'सुरक्षित मतदारसंघ : भाऊंची पाच वर्षे'. सतराव्या पानावर रुखमाबाईंचा फोटो, आणि खाली, 'भाऊंनी बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे सोनसाखळी चोर जेरबंद.'

"मावशी, रविवारी तुमचा सत्कार हाय. स्टेजवर फक्त कॅमेऱ्याचं सांगा."

रुखमाबाईंनी चौकातल्या खांबाकडे पाहिलं. "काहून गा, त्याले तर वायरच नाही. कबुतरं बसून राहतेत त्याच्यावर."

"येऊन राहिली ना वायर, मावशी!"

रविवारी शाल मिळाली, नारळ मिळाला, हातात माईक आला. दोन शब्द बोलून उतरायचं त्यांनी ठरवलं होतं. पण पहिल्याच रांगेत प्रमोदिनी मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

"कॅमेरा बंद होता," रुखमाबाई म्हणाल्या. "मी तर्री फेकली."

सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने भाऊ हसले आणि माईक घेऊन म्हणाले, "माझी जनताच माझा कॅमेरा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण खरं बोललो तेही भाऊंच्याच कामी आलं, हे रुखमाबाईंना घरी पोचेपर्यंत डाचत राहिलं.

त्या हशाचा व्हिडिओ मात्र गावभर फिरला. मग चार दिवसांत वायर जोडली गेली. पाचव्या दिवशी महापालिकेचा ट्रक आला. साहेबांनी मोबाईल दाखवला, "बाई, तुमची गाडी फुटपाथवर आहे. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते." गाडी ट्रकवर चढली. रुखमाबाई तर्रीचं पातेलं धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, पण रडल्या नाहीत. पातेल्यासकट ऑटोत बसल्या आणि थेट भाऊंच्या कार्यालयात गेल्या.

तिथे पंधरा-वीस माणसं बसली होती.

"भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यानं पहिला चोर म्हणून मलेच पकडलं."

भाऊंनी एकदा लोकांकडे पाहिलं. निवडणूक तोंडावर होती. "मावशी, कायदा सगळ्यांना सारखा असतो ना."

"बरोबर हाय. म्हणून आता तुमच्या आवारात लावतो गाडी. इथं फुटपाथच नाही."

माणसं हसू दाबत होती. भाऊंना नाही म्हणता येईना. अश्विनच धावपळ करून गाडी सोडवून घेऊन आला.

आता सकाळी सातपासून भाऊंच्या दारात रांग लागते. परवा अश्विनने नव्या पुस्तिकेचं पान वाचून दाखवलं, 'दररोज दोनशे नागरिक भाऊंच्या भेटीला.'

रुखमाबाई पोह्यांवर कांदा भुरभुरवत म्हणाल्या, "शनिवारचं येगळं लिह गा. साबुदाणा वडा राहते, तीनशे येतेत."