भुशाचं पोतं

“बाये, ह्यो भुसो घराक नेव नको. बर्फार पाय ठरणा नाय, सांगान ठेवतंय,” तुळसा म्हणाली होती, आणि मी हसले होते.

“अहो तुळसाबाई, कोकणात बर्फावरून घसरून कोण पडतंय? हे काय काश्मीर आहे?”

“तुझ्या कालेजात बर्फ नाय होतो मगे,” ती म्हणाली आणि लाकडी मोगरी उचलून पुन्हा बर्फाची लादी फोडायला लागली.

पंच्याऐंशी सालचा जानेवारी होता. माझे यजमान सदानंद मालवणात मच्छीमारांच्या सोसायटीत कारकून होते. सकाळी धक्क्यावर उभं राहून ट्रॉलरांवर बर्फ चढवून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात दडपून यायच्या. धक्क्यावर त्या फोडायच्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन उतरणीवरून बोटीपर्यंत न्यायच्या. बर्फाचं पाणी, माशांचा चिकटा आणि वरून थंडीतलं दंव. उतरणीवर पाय टाकायची सोय नसायची. म्हणून देवबागची ही तुळसा लाद्यांवरचा भुसा झाडून घेई, उन्हात वाळवी आणि दुसऱ्या दिवशी पहिली टोपली उचलायच्या आधी उतरणीवर पसरी. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि मला तो भुसा शेगडीसाठी हवा होता. दुर्गा पाच महिन्यांची होती, तिची छाती भरलेली. रॉकेल मिळत नव्हतं, लाकडं ओली. भुसा ठासून भरलेली शेगडी तीन-तीन तास धगधगते, पाणी सारखं गरम राहतं. मी वैभववाडीची, घाटाखालची. बर्फ पाहिला तो सरबतात. बी.ए. झाले होते. बाळाला काय लागतं ते मला कळत होतं.

“तुळसा वरडतली,” हे म्हणाले.

“तुमची मुलगी खोकतेय. तुळसाबाईंना एक दिवस वाळू टाकायला सांगा.”

ते पोतं घेऊन आले. वाळू कुणी टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला घरी आले ते हसतच. दारातूनच म्हणाले, “तुझ्या काश्मिरात पडलंय गो!”

उतरणीवर लादी खाली घेताना यांचा पाय सरकला होता. उताणे पडले आणि डोकं दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर आपटलं. दोन मिनिटं काही सुधरलं नाही म्हणे. मग उठले. सगळे हसले, हेही हसले. उरलेल्या लाद्या चढवून चालत घरी आले. कानाच्या वर टेंगूळ होतं. मी हळद उगाळून लावली.

“डॉक्टरांकडे जाऊया का?”

“कित्याक? रगत नाय, काय नाय.”

चहा अर्धाच प्यायले. मग मोरीत जाऊन ओकले. रिकाम्या पोटी धावपळ केली म्हणून असेल, असं मीच म्हणाले. “डोक्या जड झाला. वायच पडतंय,” म्हणत आतल्या खोलीत गेले.

दुर्गाही नुकतीच झोपली होती. किती दिवसांनी दोघं एकदम झोपले होते! मी खिडकी लावून घेतली. भांडी घासायची थांबवली. दर पाच मिनिटांनी जाऊन बाळाच्या छातीवर हात ठेवत होते, श्वास मोजत होते. यांच्याकडे पाठ करून.

साडेबाराला तुळसा आली. पदर ओला, धापा टाकत.

“खंय आसा सदानंद?”

“हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय.”

“उठव तेका.”

“अहो, दमलेत. बरे आहेत.”

“तेचा डोक्या आपाटला गो बाये! माझो दीर असोच झोपलेलो. उठव म्हणतंय ना!”

“बाळ उठेल,” मी म्हणाले. मी खरंच तसं म्हणाले. हात आडवा धरून दारात उभी राहिले. ती पायरीवर बसली. गेली नाही.

आतून घोरणं ऐकू येत होतं. मोठं, खोल, मध्येच अडकणारं. मी तुळसाला म्हणाले, “ऐका, किती गाढ झोपलेत.” त्याबरोबर तिनं मला बाजूला सारलं आणि आत गेली.

हाका मारल्या. हलवलं. चिमटे काढले. गालावर मारलं तरी डोळा उघडला नाही. मी पापणी वर केली तर एका डोळ्यातली काळी बाहुली चांगली मोठी झाली होती, दुसरी होती तशीच. दुर्गा उठून रडायला लागली आणि हे उठले नाहीत.

इथल्या डॉक्टरांनी बॅटरीनं डोळे पाहिले आणि टॅक्सी बोलवा म्हणाले. गोव्याला न्यायला हवं होतं. कवटीच्या आत रक्त साठत जातं, माणूस आधी बोलतो, चालतो, हसतो, मग झोपतो. “ओकले तेव्हाच आणायचं होतं,” ते म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

कुडाळ मागे पडलं तेव्हा ते घोरणं थांबलं. तुळसानं ड्रायव्हरला सांगितलं, आता जोरात चालवू नको.

पोत्यात अर्धा भुसा उरला होता. तेराव्यानंतर मी तो धक्क्यावर नेऊन उतरणीवर पसरला. तुळसा मोगरी खाली ठेवून बघत होती. “सांगितलेलंय तुका,” एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. तिनं माझ्या हातातलं रिकामं पोतं घेतलं आणि झटकून घडी घातली.

अजूनही थंडीत सकाळी मी भुसा घेऊन जाते. लोक नीट चालतात, कुणी पडत नाही. त्यानं मला काहीसुद्धा वाटत नाही. दुर्गा आता तीन वर्षांची आहे. दुपारी झोपली की मी तिला दोनदा उठवते. ती रडते, चिडते. मी तिला तिचं नाव विचारते.

तुमच्या घरी आज कुणी पडून आलं असेल, धक्क्यावर, विहिरीवर, कुठंही, आणि काही झालं नाही म्हणून आत झोपलं असेल, तर हे वाचायचं थांबवा. बाळ उठलं तर उठू दे. आत जा, हाक मारा, नाव विचारा. नीट सांगता येईना, तर तशीच गाडी बोलवा.