पुरस्कारप्राप्त पळी

दोन वर्षांपूर्वी लेकीने स्वयंपाकघरात सांगितलं, "आई, मला मुलगीच आवडते." त्यावर बायको जी सुरू झाली ती थांबेचना. लेकीला पुढे एक शब्द बोलू दिला नाही. शेवटी लेकीने आईच्या हातातली पळी काढून घेतली आणि ती घेऊनच घराबाहेर पडली. लेक गेली याबद्दल बायको चकार शब्द काढायची नाही. पळी गेली म्हणून मात्र रोज माझं डोकं खायची.

एलजीबीटीक्यू तरुण मुलंमुली आपापली संघटना कशी उभारतात, यावर लेकीने संशोधन केलं. त्याला विद्यापीठाचा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार जाहीर झाला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा ऐकायला या. नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही." मी बायकोला अक्षरशः ओढत नेलं.

सभागृहात पाहतो तर मखमली उशीवर आमची पळी! झुरळ मारताना बायकोने वाकवलेला दांडा मी कुठेही ओळखेन. लेकीच्या संघटनेत नियम असा, की ज्याच्या हातात पळी त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. निवड समितीला तो इतका आवडला, की त्यांनी तो समारंभालाही लावला. बोलून झालं की ज्याचं ऐकायचंय त्याला पळी द्यायची, हा उरलेला भाग प्रबंधाच्या पुढच्या पानावर होता. तिथपर्यंत समितीतलं कोणी पोचलं नव्हतं. मी प्रबंध चोरून वाचला होता म्हणून मला ठाऊक.

अध्यक्षांनी पळी उचलली आणि ते सुटले. स्वतःचं बालपण झालं, गुडघेदुखी झाली, मग विद्यापीठाची पाण्याची टाकी. माइक बंद पडला. वायरमन धावत आला, पण पळी नसल्याने नुसते हातवारे करत राहिला. अध्यक्षांना वाटलं, दाद देतोय. मग प्रोजेक्टरमधून धूर यायला लागला. लोक खोकू लागले, तेव्हा खोकणं हे बोलण्यात धरायचं की नाही यावर समितीने खाणाखुणांनी मतदान घेतलं.

लेक पहिल्या रांगेत एका चष्मेवालीचा हात धरून बसली होती. पुरस्कार लेकीचा, आणि बोलायची बंदीही तिलाच! माझा संताप झाला, पण मीही गप्पच. मला सवय आहे.

बायको उठली. तरातरा व्यासपीठावर गेली आणि अध्यक्षांच्या हातातून पळी हिसकावली.

"ही माझी पळी आहे. तुमचं पुरे झालं. माझ्या पोरीला बोलू द्या!"

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो.

लेकीने पळी घेतली. "आई, त्या दिवशी मला एवढंच सांगायचं होतं, की मी सुखात आहे. ही माझी जोडीदार. हिला घरी आणायचं होतं, म्हणून आधी तुला विचारत होते."

बायकोने दोनदा तोंड उघडलं. हात रिकामा दिसला तसं दोन्ही वेळा मिटलं. मग लेकीने पळी तिच्याकडे दिली.

मी जीव मुठीत धरून बसलो. आता सगळं पहिल्यापासून सुरू होणार! बायको वाकड्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली. डोळे भरले, ओठ हलले, शब्द मात्र येईना. माझ्या संसारात हे प्रथमच घडत होतं.

आणि तिने पळी त्या चष्मेवालीच्या हातात ठेवली. नियमाचा उरलेला भाग बायकोला कोणीही सांगितलेला नव्हता.

चष्मेवाली भेदरली. "काकू," ती म्हणाली, "ही परत द्यायला आम्ही रविवारी घरी येऊ का?"

बायकोने जोरजोरात मान हलवली. पळी नव्हती ना हातात.

त्या रविवारपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर पळी तिघींत फिरते. माझा नंबर अजून लागलेला नाही. पण मी हात पुढे करून ठेवलाय.