जॉनला उत्तर

“माणूस आहात का म्हणून विचारणारं हे कोण? तेही माझ्याच घरात?”

चंद्रभागावहिनी माझ्या खांद्यामागून पुटपुटल्या. मी त्यांच्या वेबसाइटच्या फॉर्मखाली वेडीवाकडी अक्षरं चाचणीपुरती बसवली होती. ती ओळखून खालच्या चौकटीत लिहिली तरच निरोप पुढे जाणार.

“माणसाला जमतं, यंत्राला जमत नाही,” मी म्हटलं.

“मला तरी कुठे जमतंय?”

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चुकलं. समोर मसाल्याची पाकिटं बांधत बसलेले त्यांचे यजमान दिगंबरभाऊ म्हणाले, “बघा, सिद्ध झालं.” एरवी वहिनींनी उलटून दोन शब्द सुनावले असते. आज त्या पुन्हा अक्षरांवर वाकल्या.

हे कुटुंब नागपूरकडचं. बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहून तिकडचा झणझणीत मसाला विकतं. वेबसाइट त्यांच्या मुलाने, रोहनने केली. दोन वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला आणि साइट माझ्याकडे आली. बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं आणून मी हे काम शिकले, त्यामुळे इमारतीत कुणाचा कॉम्प्युटर शिंकला तरी मलाच बोलावतात.

गेल्या आठवड्यात हडपसरच्या एका केटरर्सची लग्नाची ऑर्डर कचऱ्यात हरवली. कचरा म्हणजे यंत्रांनी भरलेले फॉर्म. कुणी जॉन, कुणी पीटर. ‘डिअर, युवर साइट इज व्हेरी नाइस,’ आणि खाली घड्याळांची नाहीतर गोळ्यांची जाहिरात. असं रोज शेकड्यांनी यायचं. केटरर्सनी फोनवर भाऊंचा उद्धार केला आणि भाऊंनी मला हाक मारली.

इतका कचरा याच साइटवर का, ते पाठवलेल्या मेलमध्ये कळलं. वहिनी प्रत्येकाला उत्तर देत होत्या. इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘जेवलास का? थंडी फार आहे का तिकडे? आई.’ उत्तर येतंय, म्हणजे पत्ता चालू आहे, एवढंच यंत्रांना हवं असतं. मग ती यंत्रं दुपटीने लिहीत होती.

“वहिनी, हा जॉन रोहन नाही हो.”

“तुम्हाला काय माहीत?” त्या शांतपणे म्हणाल्या. “फॉर्म चालतो का बघायला तो ऑफिसातून असाच लिहायचा. जॉन म्हणून. ‘मसाला झकास, सोबत आईच्या हातची भाकरी पाठवा.’ मी लगेच ओळखायची.”

मी भाऊंकडे पाहिलं. ते पाकिटाला दुसऱ्यांदा चिकटपट्टी लावत होते.

“बिझी असतो तो,” ते म्हणाले. “प्रोजेक्ट मोठं आहे.”

दोन वर्षं हे प्रोजेक्ट चालू होतं. आम्हीही जिन्यात भेटलो की त्याचीच चौकशी करायचो. ठरलेलं लग्न मोडून रोहनने ऑफिसातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं, त्या दुपारी या दारात जे झालं ते सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं होतं. पण प्रोजेक्टबद्दल विचारणं सोपं होतं.

“कायमचं बसवा ते,” वहिनी म्हणाल्या. “धंदा बुडायला नको.”

मी बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तेव्हा वहिनी अंघोळ करून, केसांना पंचा गुंडाळून पडद्यासमोर बसल्या होत्या. इनबॉक्समध्ये एकच निरोप होता. कोथरूडच्या एका बाईंना पाव किलो मसाला हवा होता, तिखट कमी.

त्यांनी पान पुन्हा उघडलं. मग पुन्हा.

“जॉन नाही,” त्या म्हणाल्या.

“तिकडे आता रात्र असेल,” भाऊ म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी लिहील निवांत.”

“शर्मिलाताई, ती अक्षरं त्याला जमतील ना?”

“त्याला सहज जमतील, वहिनी.”

“मग?”

मी माउसची वायर सरळ करत राहिले. भाऊंनी घसा साफ केला. “अगं, कामाचा ताण असतो. माणूस विसरतो कधी कधी…”

वहिनींनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आवाज चढला नव्हता.

“दारात उभं राहून तुम्ही त्याला म्हणालात, तू आम्हाला मेलास. मग लिहील कुठून तो?”