रिकाम्या ताटल्यांचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी उबदार पेटी आहे. मोंतेविदेओच्या एका प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला त्यांच्या ताटल्या माझ्या पोटात ठेवतात. नवी होते तेव्हा माझे दार कसे लखलखत असे! आता मी बाहेरच्या बोळात आहे. दार रबराने बांधलेले, आणि डोक्यावर वाल्तेरचा थर्मास.

वाल्तेर इथला प्रमुख. बोळात सगळे जमले की येर्बाच्या पानांचा कडू काढा तोच प्रत्येकाला ओतून देतो. दुसऱ्याने थर्मासला हात लावलेला त्याला खपत नाही. पेला परत देताना ‘धन्यवाद’ म्हटले, की ‘मला आता पुरे’ असे इथे समजतात.

त्याची विद्यार्थिनी नाइर एका विषाणूवर काम करते. तो जिवाणूंना फोडतो, तिथे ताटलीत स्वच्छ ठिपका पडतो. पण नवे, उसने आणलेले जिवाणू घेतले आणि ठिपके पडेचनात.

“या म्हातारीनं मान टाकली,” वाल्तेर म्हणाला. “शुक्रवारी भंगारात!”



“थांब रे, एक संधी दे तिला,” नाइर म्हणाली. तिने जुन्या आणि उसन्या जिवाणूंच्या ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. मी जिवापाड ऊब धरली.

सकाळी जुनी ताटली ठिपक्यांनी भरली होती! उसनी कोरी ती कोरीच.

“ऊब तीच, विषाणू तोच,” नाइर ओरडली. “खोट जिवाणूतच आहे!”

चौकशी केली तर कळले, त्या जिवाणूंतले एक प्रथिन मुद्दाम काढलेले होते. ते प्रथिन विषाणूच्या डीएनएचा धागा वाकवून धरते, तेव्हा विषाणूचे यंत्र तो पकडून कवचात कोंबते. ते नसल्याने कवचे रिकामीच राहत होती, आणि रिकामे कवच पुढचा जिवाणू फोडू शकत नाही. नाइरने ते प्रथिन जिवाणूंत परत घातले, आणि ठिपकेच ठिपके!

“म्हणजे हा आयतोबा विषाणू स्वतःचं सामानही एकटा भरत नाही?” वाल्तेर हसत सुटला.

“तू रजेवर गेलास की आम्ही थर्मासकडे नुसते बघत बसतो ना? तसंच.”

वाल्तेरने थर्मास तिच्या हातात दिला. “आज तू ओत, पोरी.”

मित्रांनो, काम अडले तर जुन्या सोबत्याला लगेच भंगारात काढू नका. आधी शेजारी दुसरी ताटली ठेवून पाहा.

त्या शुक्रवारी वाल्तेरने माझ्या दाराला नवी बिजागरी बसवली आणि पाठीवर थाप मारली.

“म्हातारे, तुला मात्र मी धन्यवाद म्हणणार नाही हं!”