मोठ्या कॅमेऱ्यात छोटा रोल

माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, पळून जाऊन लग्न केलं असणार. कसलं पळून! चांगली तीनशे माणसं जेवून गेली. फोटोही दिवसभर निघत होते. फक्त कॅमेऱ्यावरचं झाकण काढायचं राहून गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, झाकण असताना फोटो काढणाऱ्याला कळलं कसं नाही? तर तो कॅमेरा माझ्या सासऱ्यांचा. उभा डबा आणि त्याला एकाखाली एक असे दोन डोळे. वरच्या डोळ्यातून आपण बघायचं आणि खालचा डोळा फोटो काढणार. काढणारा मान खाली घालून डब्याच्या डोक्यावरच्या काचेत बघतो, त्याला सगळं झकास दिसतं, आणि खालचा डोळा बंद असला तरी त्या बापड्याला पत्ता लागत नाही. काढणारे होते माझे दीर. भाऊजी तेव्हा एकोणीस वर्षांचे. 'बाहेरचा फोटोग्राफर कशाला? मी आहे ना,' म्हणाले आणि तीन रोल संपवले. संध्याकाळी कॅमेरा पेटीत ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे झाकण दिवसभर इथेच होतं का?"

आमचे हे धंद्याने शिंपी. सुतभर कापड इकडचं तिकडे झालं तर जेवण जात नाही यांना. निघालेल्या पाहुण्यांसमोर, माझ्या माहेरच्यांसमोर हे धाकट्या भावावर ओरडले, "आंधळा आहेस का रे? यापुढे माझ्याशी बोलू नकोस!"

भाऊजींनी आयुष्यात मोठ्या भावाचं एक ऐकलं नव्हतं. नेमकं हे ऐकलं. बारा वर्षं बोलले नाहीत.

बरं, भांडण म्हणावं तर येणंजाणं बंद नाही. भाऊजी गावातच राहायचे, दर रविवारी आईला भेटायला यायचे, आमच्याकडेच जेवायचे. दोघे भाऊ समोरासमोर बसणार आणि मधे मी. "वहिनी, दादाला म्हणावं, मीठ सरकव." "अगं, त्याला सांग, हात आहेत की त्याला." मीठ दोघांच्या मधे, आणि निरोप मी पोचवतेय. फोटो माझा बुडाला, मी कधीच विसरले, आणि हमाली मात्र माझ्या नशिबी! किती वेळा म्हटलं, अहो, सोडा आता. की लगेच मान खाली आणि मशीनवरचा पाय जोरात.

यंदा भाऊजींना जहाजावर यंत्रदुरुस्तीची नोकरी लागली. दोन वर्षं परत येणं नाही. रविवारी संध्याकाळी पाचच्या गाडीने निघायचं होतं. सासूबाईंना सत्तरावं चालू आहे. त्या आठवडाभर दारातच बसून होत्या. मला एकच घोर लागला होता. हे दोघे असेच न बोलता वेगळे झाले, आणि मधे त्या माउलीचं काही झालं, तर पुढे कुणासाठी बोलणार आहेत हे?

रविवारी सकाळी भाऊजी आले ते गळ्यात तो डबा अडकवून.

"वहिनी, जायच्या आधी तुमचा फोटो काढणार. लग्नातले कपडे घाला. दादाला पण सांगा."

'दादा' चार हातांच्या अंतरावर काजं करत बसलेले. मी सांगितलं. हे म्हणाले, "त्याला विचार, झाकण काढलंय का?"

झाकण काढलेलं होतं. अडचण दुसरीच होती. या कॅमेऱ्याला लागतो तो जाडा, रुंद रोल आता कुठल्याच दुकानात मिळेना. एका दुकानदाराने तर म्हणे भाऊजींना पाणी प्यायला दिलं आणि 'बसा थोडा वेळ' म्हणाला. मग भाऊजींनी साध्या कॅमेऱ्याचा छोटा रोल आणला. तो मोठ्या कॅमेऱ्यात खुळखुळतो, म्हणून जुन्या रबरी चपलेच्या दोन चकत्या कापून त्याच्या दोन्ही टोकांना बसवल्या. कॅमेऱ्याच्या पाठीला आकडे बघायची लाल खिडकी असते, तिच्यावर काळी पट्टी चिकटवली, कारण या रोलच्या पाठीला कागद नसतो, त्या खिडकीतून उजेड शिरला की रोल गेला. आता आकडे दिसणार नाहीत, तर प्रत्येक फोटोनंतर चावी दीड फेरा फिरवायची, असा हिशोब.

"त्याला सांग," हे म्हणाले, "बापाचा कोट घातला म्हणून पोर बाप होत नाही."

पण आत जाऊन लग्नातला कोट घालून आले. बटण लागेना. माझे कपडेही पाठीमागून उसवून चार पिना लावल्या तेव्हा कुठे श्वास घेता आला. सासूबाई खुर्चीत पुढे बसल्या, मागे मी, शेजारी हे.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक लक्षात ठेवा. मला काचेत अख्खा चौकोन दिसतोय, पण रोल अरुंद आहे. फक्त मधली उभी पट्टी येणार. मी काचेवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात. दादाला म्हणावं, तुम्हाला चिकटून उभा राहा."

मी निरोप दिला. हे बोटभर सरकले.

"अजून, वहिनी."

हे पुन्हा बोटभर सरकले, आणि खटका पडायच्या आत परत जागेवर. धाकट्याच्या हुकमावर उभं राहायचं म्हणजे काय! असे पंधरा फोटो झाले. दर वेळी भाऊजी मोठ्याने "दीड!" म्हणून चावी फिरवायचे आणि हे तोंडातल्या तोंडात "सव्वाच झाला" म्हणायचे. शेवटी चावी अडकली. रोल संपला.

आणि खरी गंमत इथे सुरू झाली. साध्या कॅमेऱ्यात रोल संपला की उलटा फिरवून डबीत जातो. या कॅमेऱ्यात तशी सोयच नाही. मिट्ट काळोखात कॅमेरा उघडायचा, फिल्म बाहेर काढायची आणि हाताने डबीत परत गुंडाळायची.

"रात्री करू की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाचला गाडी आहे. कॅमेरा तर इथेच ठेवून जाणार. डबी तेवढी नेतो, बंदरात धुऊन घेईन."

घरात काळोख म्हणून कुठे नाही. दुकान पुढे, घर मागे, सगळीकडे खिडक्या. काळोख एकाच ठिकाणी होता, तयार कपड्यांच्या लाकडी कपाटात. भाऊजी आत शिरले, मी दार लावलं, फटींवर काळं सुटाचं कापड ठोकलं.

मिनिटभराने आतून धाडकन आवाज आणि पाठोपाठ, "मेलो!"

"भाऊजी?"

"उघडू नका, वहिनी! फिल्म हातातून उसळली! सगळी अंगावर आलीय! एका माणसाचं काम नाही हे, कुणीतरी आत या. थांबा, मी तिला एका ओव्हरकोटात गुंडाळून पोटाशी धरतो. झालं. पटकन या!"

मी पुढे झाले. पण त्या कपड्यांत मी धड खुर्चीत बसू शकत नव्हते, कपाटात काय मावणार? आणि खरं सांगते, मला साधी बॉबिन भरता येत नाही, शिंप्याची बायको असून. सासूबाईंनी थोरल्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"हं," असं म्हणून हे कोटासकट कपाटात गेले. मी धाडकन दार लावलं, कापड ठोकलं, पाठ लावून बसले. सासूबाईंनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी लावली.

थोड्या वेळाने आतून ह्यांचा आवाज. "अगं, त्याला विचार, टोक कुठल्या हातात आहे?"

सवयच ती. मी फटीला तोंड लावलं. "भाऊजी, टोक कुठल्या हातात?"

"डाव्या, वहिनी."

"अहो, डाव्या."

"कुणाच्या डाव्या?"

"भाऊजी, कुणाच्या डाव्या?"

"माझ्या! आणि दादाला म्हणावं, माझ्या पायावर उभा आहे तो."

"अहो, त्यांच्या पायावर..." म्हणता म्हणता मी थांबले. अरे, काय चाललंय हे? दोघं एका कपाटात, नाकाला नाक लागलेलं, आणि मी बाहेरून निरोप पोचवतेय! मस्तकच फिरलं माझं. म्हटलं, बास. आता या तोंडातून एक अक्षर निघणार नाही.

"अगं?"

मी गप्प.

"अगं ए! गेली कुठे?"

"वहिनी?"

सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बोल गं, गुदमरतील दोघं."

"गुदमरू देत," मी म्हटलं.

आत एक हँगर खडखडला.  मग ह्यांचा आवाज आला, घोगरा.

"टोक दे."

एवढंच. बारा वर्षांनी दोन शब्द, तेही असे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"हे घे. सापडलं?"

"सापडलं. पाय काढलाय मी. तू रीळ धर, सैल सोडू नकोस. बॉबिनसारखंच आहे हे. तू ताण दे, मी डबीची खुंटी फिरवतो."

"जोरात नको, दादा, तुटेल."

"मला शिकवतोस?"

नेमकं तेव्हाच दुकानात गिऱ्हाईक आलं. पोस्टातले साहेब, पँट न्यायला. मी म्हटलं, पँट कपाटात आहे, आत्ता मिळणार नाही. का? तर कपाटात दोघं बोलतायत. साहेबांनी कपाटाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, माझ्या उसवलेल्या पाठीकडे बघितलं आणि उद्या येतो म्हणाले.

आतली फिरवाफिरव थांबली होती. झालं असणार गुंडाळून. पण दारावर टकटक होईना. मग हे बोलायला लागले, इतकं हळू, की मला कान लाकडाला चिकटवावा लागला.

"ते झाकण मी लावलं होतं."

"कुठलं?"

"लग्नाच्या सकाळी. पुसून ठेवला कॅमेरा, धूळ बसू नये म्हणून झाकण लावलं, आणि तुला सांगायचं विसरलो. संध्याकाळी आई बोलली तेव्हा आठवलं. सगळे बघत होते रे. तुझ्यावर ओरडून मोकळा झालो. मग रोज वाटायचं, सांगावं. तोंडच होईना."

मी उभी राहिले. कात्री कुठे आहे, एवढंच मला दिसत होतं! बारा वर्षं! बारा वर्षं मी यांचं मीठ सरकवलं, आणि झाकण यांनी लावलेलं! उजेड शिरू दे नाहीतर रोल जाऊ दे, दार उघडून या माणसाला बाहेर ओढते, म्हणून मी कापडाला हात घातला. सासूबाईंनी पदरच धरला माझा. सत्तराव्या वर्षी काय जोर त्या बाईला!

"थांब," त्या म्हणाल्या. "धाकट्याचं ऐकू दे."

 भाऊजी म्हणाले, "लावलं तू, दादा. पण काढायचं तर मी होतं ना."

आणि हसले. आधी एकटे. मग हेही. कपाट हलायला लागलं, हँगर खाली पडले. हसता हसता ह्यांचं मधेच काहीतरी वेगळं व्हायला लागलं. भाऊजी "अरे, अरे" म्हणत होते. सासूबाई डोळे पुसत होत्या.

शेवटी टकटक झाली. "अगं, उघड. झालं."

"बसा आत," मी म्हटलं. "माझं व्हायचंय अजून."

आणि मी बोलले. कपाटाला तोंड लावून पंधरा मिनिटं, श्वास न घेता. झाकणापासून मिठापर्यंत. आतून अधूनमधून "बरोबर आहे" एवढंच यायचं. मन मोकळं झाल्यावर दार उघडलं. दोघे घामाने निथळत बाहेर आले, ह्यांच्या कोटाची बाही उसवलेली, भाऊजींच्या मुठीत डबी. हे त्यांची बॅग उचलून गाडीपर्यंत गेले. परत आले ते रात्रीपर्यंत माझ्या नजरेला नजर देईनात. दिली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

सव्वा महिन्याने पाकीट आलं. पंधरा फोटो, उभे आणि अरुंद, दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत रोलची भोकं. मधोमध सासूबाई, त्यांच्या मागे मी, छान, हसरी. आणि हे? एका फोटोत यांचा कान. एकात खांदा, त्यातून चार भोकं आरपार गेलेली. एकात नुसती बाही. पंधराच्या पंधरा फोटो शिवून जोडले, तर एक नवरा पुरा होईल.

हे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, 'त्याला सांग'. मी फोनकडे गेलेसुद्धा. पण माझ्या आधी यांनीच फोन उचलला, खिशातून चिठ्ठी काढून स्वतः नंबर फिरवला.

"काय रे, मी कुठंय यात? रेघा मारल्या होत्यास ना? मग नीट सांगता येत नव्हतं?... मी ऐकलं नाही? मी?... अरे, मग ओढायचं ना मला धरून! मोठा भाऊ आहे म्हणून काय झालं?"

दहा मिनिटं असं चाललं. मी काजाचा कपडा हातात घेऊन ऐकत होते. ऐकताना इतकं बरं वाटत होतं, काय सांगू. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. हे कानाचा फोटो हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले.

"परत काढू की, तू आल्यावर," हे म्हणाले. मग जरा थांबून, तोंड भिंतीकडे वळवून, "पण दोन वर्षं फार होतात रे."