पाळीवरचा टिप्पर

नाकाडोंगरीकडच्या खाणीतून मँगनीज भरून येणारे टिप्पर गावाच्या तलावाच्या पाळीवरून जात. पाळ इतकी अरुंद, की टिप्पर आला की माणसानं उतारावर उतरून उभं राहायचं. दिवाळीनंतर गावच्या मधुकररावांनी पंचायतीच्या मागे लागून पाळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी कमानी बसवून घेतल्या. तेव्हापासून मोठी गाडी आत शिरत नव्हती.

धान चुरण्याचे, मळणीचे दिवस होते. दिवस मावळताना त्यांची बायको रुखमिणी आणि सून रेणू खळ्यावरून पाळीच्या वाटेनं घरी निघाल्या. मागून हॉर्न वाजला. सवयीनं दोघी उतारावर उतरल्या. इंजिनाची झळ अंगावर आली, डिझेलचा वास आला, रेणूचा पदर उडाला. पण डोळ्यांसमोरून काहीच गेलं नाही.

"आत्याबाई, गाडी गेली ना?" रेणूनं हळूच विचारलं.

"गेली," रुखमिणी म्हणाली.

धुळीत जोडचाकांचे ओले ठसे उमटले होते. पाळीच्या मध्यावर ते एकदम वळले होते आणि सरळ पाण्यात उतरले होते. पाणी मात्र हललंसुद्धा नव्हतं.

घरी रुखमिणीनं सगळं सांगितलं. मधुकरराव हसले नाहीत. तो हॉर्न काही दिवसांपासून त्यांनाही ऐकू येत होता. डोकं फिरलं म्हणतील, म्हणून ते गप्प होते.

सकाळी ठसे नव्हते. रुखमिणीनं जागा दाखवली. ढिवरांनी मासेमारीचा डोंगा नेऊन तिथं बांबू खुपसला, तो लोखंडावर वाजला.

क्रेन आत यायला एक कमान काढावी लागली. दुपारी टिप्पर वर आला. केबिनच्या काचा बंद होत्या आणि ड्रायव्हर जागेवरच होता. तो आंधळगावचा भैय्यालाल. श्रावणातल्या झडीत गाडीसकट नाहीसा झालेला. गाडी घेऊन पळाला, असं मालकानं सगळीकडे सांगितलं होतं.

त्याची बायको चंद्रकला दिरासोबत आली. तिला पोलिसांकडून काही ऐकायचं नव्हतं. ती पाळीवर रुखमिणीजवळ बसली आणि त्या सांजेचं सगळं तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

"हॉर्न वाजवला होता त्यायनं?"

"वाजवला, बाई. आमी उतरलो, मंगच गेला."

चंद्रकला पाण्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या दिवशी समोरचं मानूस उतरलं नसंल. त्याले वाचवाले स्टेरिंग फिरवलं असंल यायनं."

पाळीवर जमलेल्या गावानं ते ऐकलं. भैय्यालालला घेऊन शववाहिका आंधळगावकडे गेली, तरी माणसं तिथंच उभी होती. रुखमिणीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता.